रविवारी रात्री सात दिवसांची नोंद एकदम भरू नका

तुमच्या नोंदीवरून आम्ही दर आठवड्याचा चालण्याचा प्लॅन बनवून देतो, आणि दर बुधवारी-गुरुवारी आम्हाला एक फोन ठरलेला असतो. "ताई, या आठवड्याचा प्लॅन झेपत नाही, गुडघे धरलेत." अॅपमधली रोज किती मिनिटं चाललात याची नोंद उघडली की बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. मागच्या सातही दिवसांचे आकडे रविवारी रात्री एका बैठकीत भरलेले असतात. सोमवार ३० मिनिटं, मंगळवार ३०, बुधवार ३०. इतका सरळ आठवडा मुंबईत कोणाचा जातो? एक दिवस लोकल लेट असते, एक दिवस पाऊस, शनिवारी घरी पाहुणे.

तुम्ही मुद्दाम चुकीचं लिहीत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण चार दिवसांनी आठवायला बसलं की जे ठरवलं होतं, तेच घडलं असं वाटू लागतं. तुमचा पुढचा प्लॅन आम्ही त्याच आकड्यांवर बेततो. प्रत्यक्षात ६० मिनिटं चालणं झालं आणि नोंदीत २१० असली, तर नवा प्लॅन २३०चा येतो. मग अंग दुखतं, व्यायाम सुटतो आणि पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून रोज झोपण्यापूर्वी आकडा टाका. अर्धं मिनिट लागतं. काहीच झालं नसेल तर शून्य लिहा. शून्यावरून आम्ही कोणालाही बोलत नाही, उलट त्यावरून तुमचा कोणता वार अवघड जातो ते कळतं.

"नोंदीसाठी रोज मेसेज कशाला?" असं काहीजण विचारतात. व्यायामाचे व्हिडिओ फुकट मिळतातच, तरी बसून राहणारा माणूस बसूनच राहतो. स्वतःची नोंद, झेपेल एवढंच उद्दिष्ट आणि विचारणारं माणूस, या तिन्हींसाठी तुम्ही आम्हाला पैसे देता. नोंद खरी नसेल तर उरलेल्या दोन्हींचा उपयोग होत नाही.

दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस मिनिटांत आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. सलग दहा मिनिटं व्हायलाच हवीत ही जुनी अट त्यात नाही. त्यामुळे दादरचा पूल चढताना गेलेली दोन मिनिटंही धरा. प्लॅटफॉर्मवर उभं राहिलेला वेळ मात्र नको. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग.

हृदयविकार असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरातलं दुसरं कोणी सोबत येणार असेल तर त्यांचे पहिले दोन आठवडे मोफत आहेत. नवरा-बायकोनं एकमेकांना रात्री आठवण केली की नोंद सहसा चुकत नाही, असा आमचा अनुभव आहे. फक्त दोघांची नोंद एकानेच भरू नका.