‘आधी दारू सोड, मग घर’

मिरज जंक्शनच्या आसपास वर्षानुवर्षं उघड्यावर राहणाऱ्या माणसाला सरकारनं एक खोली द्यावी का? सांगली-मिरजेतल्या कुठल्याही चहाच्या गाड्यावर हा प्रश्न टाकून बघा. उत्तरं साधारण ठरलेली असतात. ‘आधी दारू सोडू दे, कामाला लागू दे, मग बघू.’ ‘खोली दिली तर ती भाड्यानं लावील आणि परत फलाटावर येऊन झोपेल.’ एखादा मऊ मनाचा म्हणतो, ‘द्यावी की! पण आमच्या गल्लीत नको.’

शेवटचं सोडलं तर या उत्तरांमागं भाकितं आहेत, आणि भाकीत तपासून बघता येतं. काही देशांनी ते तपासलंही आहे.

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानं नेहमीचा क्रम उलटा केला. तोवरची रीत अशी होती, की आधी निवाऱ्यात या, उपचार घ्या, व्यसन सोडा, नीट वागून दाखवा आणि मग घर मिळेल. ही परीक्षा अनेकांना मध्येच सोडावी लागे, कारण रोज रात्री कुठं पडायचं याची खात्री नसलेला माणूस औषधाच्या वेळा तरी कशा पाळणार? त्सेम्बेरिस यांनी आधी किल्ली दिली. अटी दोनच: मिळकतीचा साधारण तिसरा हिस्सा भाड्याला द्यायचा आणि कार्यकर्ता भेटायला आला की दार उघडायचं. उपचार घेणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. ‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणतात ती पद्धत हीच.

तिची सर्वांत मोठी चाचणी २००९ पासून कॅनडातल्या पाच शहरांत झाली. मानसिक आजार असलेले दोन हजारांहून जास्त बेघर लोक सोडत काढल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाला घर आणि सोबत मदत मिळाली, तर दुसऱ्याला शहरात आधीपासून होत्या त्याच सोयी. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकून होते, दुसऱ्यातले ३१ टक्के. ‘परत फलाटावर येईल’ हे काहींच्या बाबतीत खरं ठरलं, पण बहुतेकांच्या बाबतीत नाही.

इथं जरा जपून सांगायला हवं, कारण या योजनेचे भक्त ही गोष्ट गाळतात. व्यसन आणि मानसिक लक्षणं दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली. घरामुळं दारू सुटत नाही. पण घर दिल्यानं ती वाढली असंही दिसलं नाही. घराचं काम घर करतं, दवाखान्याचं काम दवाखान्यालाच करावं लागतं.

खर्चाचं काय? याचं उत्तर आधीच्या एका अभ्यासात आहे. १९९८ मध्ये कुन आणि कल्हेन या संशोधकांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातल्या निवाऱ्यांच्या नोंदी चाळल्या. निवाऱ्यात येणारे बहुतेक लोक थोड्या दिवसांत मार्गी लागून निघून जात. साधारण दहा टक्के लोक मात्र वर्षानुवर्षं तिथंच असत आणि निवाऱ्याचे जवळजवळ निम्मे दिवस तेच वापरत. म्हणजे दीर्घकाळ बेघर असणारे संख्येनं थोडे, पण खर्चात भारी. कॅनडातही सर्वाधिक खर्चाच्या दहा टक्के लोकांवर घालवलेल्या दर दहा डॉलरमागं दवाखाने, पोलीस आणि निवाऱ्यांचे एकवीस डॉलरहून जास्त वाचले. बाकीच्यांच्या बाबतीत एवढा फायदा झाला नाही.

मग लोकांची मतं इतकी वेगळी का? कॅनडातल्याच व्हँकूव्हरमध्ये ५० बेघर लोकांना प्रत्येकी ७,५०० डॉलर रोख दिले गेले, कसलीही अट न घालता. तीव्र व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार असलेले त्यात घेतले नव्हते, हे लक्षात ठेवा. वर्षभरात पैसे न मिळालेल्यांपेक्षा त्यांचे बेघरपणाचे दिवस ९९ नी कमी झाले, आणि दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. संशोधकांनी हजारावर अमेरिकी लोकांना वेगळं विचारलं, की इतकी रक्कम बेघर माणसाला मिळाली तर तो ती कशावर उडवेल? लोकांचा अंदाज असा, की घर असलेल्या माणसापेक्षा तो व्यसनांवर ८१ टक्के जास्त खर्च करील. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातला मला हाच भाग अधिक बोलका वाटतो.

त्याआधी २००६ मध्ये लसाना हॅरिस आणि सुझन फिस्क यांनी मेंदूचे स्कॅन काढून पाहिले होते. समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा विचार करताना कपाळामागचा मेंदूचा जो भाग एरवी जागा होतो, तो बेघर माणसाचा फोटो पाहताना थंड राहिला. पुढं त्यांनी एक साधा बदल केला. ‘या माणसाला ही भाजी आवडत असेल का?’ असं विचारून फोटो दाखवल्यावर तोच भाग कामाला लागला.

राज्यशास्त्रज्ञ क्लिफर्ड आणि पिस्टन यांना २०१७ मध्ये आणखी एक विसंगती दिसली. बेघरांना सरकारी मदत द्या म्हणणारेच बरेचदा त्यांना रस्त्यावर झोपायला बंदी घाला असंही म्हणतात. मदतीमागं दया असते आणि बंदीमागं किळस. दोन्ही एकाच मनात सुखानं नांदतात. आपला ‘द्यावी की, पण गल्लीत नको’वाला इथं बरोबर सापडतो.

खुद्द सांगलीकरांनी अट न घालता छप्पर दिलेलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा शाळा आणि मंगल कार्यालयं उघडली. तू पितोस का, काम करतोस का, असं दारात कुणी विचारलं नाही. विम व्हॅन ऊरशॉट या डच समाजशास्त्रज्ञाच्या मते मदतीला कोण पात्र हे ठरवताना लोक पाच गोष्टी तोलतात: संकटात त्याचा दोष किती, तो नम्र आहे का, त्यानं पूर्वी काही दिलंय का, तो आपल्यातला आहे का आणि गरज किती मोठी आहे. पूरग्रस्त या बहुतेक कसोट्यांवर पास होतो. फलाटावरचा माणूस गरजेत पूरग्रस्ताच्या मागं नसतो, पण ‘दोष’ आणि ‘आपला’ या दोन ठिकाणी नापास होतो. त्याचा पूर कुणी पाहिलेला नसतो, एवढाच काय तो फरक.

कायदा या कसोट्या मानत नाही. दर लाख शहरी लोकसंख्येमागं चोवीस तास चालू राहणारा एक निवारा हवा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये दिले. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांवर होती, म्हणजे पाच निवारे. पण निवारा ही तात्पुरती सोय; वर्षानुवर्षं बाहेर असलेल्यांसाठी ती पुरेशी नाही. चेन्नईची ‘द बॅनियन’ ही संस्था मनोरुग्णालयात किंवा रस्त्यावर आयुष्य काढलेल्यांसाठी साध्या वस्त्यांत घरं भाड्यानं घेते. चार-पाच जण एकत्र राहतात आणि मदतनीस सोबतीला असतो. मिरजेत असं काही करायचं ठरलं, तर सरकारी मंजुरीच्याही आधी एक घरमालक लागेल, आणि त्याचा पहिला प्रश्न असेल, ‘राहणार कोण?’ शेजाऱ्यांच्या मतांची खरी गाठ तिथंच पडते. म्हणून अशा कामात अनामत रकमेसारखाच शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी वेळही राखून ठेवावा लागतो.