सिम्युलेटेड पेशंट

सिम्युलेटेड पेशंट म्हणजे स्वतः धडधाकट असून आजाऱ्याचं सोंग रीतसर शिकून आणि बहुतेक ठिकाणी तासाचे पैसे घेऊन वठवणारा माणूस. मेडिकलच्या (आणि नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपीच्यासुद्धा) विद्यार्थ्यांनी खऱ्या पेशंटसमोर उभं राहायच्या आधी कुणासमोर तरी चुकावं, अडखळावं, परत पहिल्यापासून करून बघावं, त्यासाठी हा माणूस. बोलताना सगळे नुसतं एसपी म्हणतात. त्यातला एस सिम्युलेटेडचा की स्टँडर्डाइज्डचा यावर एकमत नाही, दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण स्टँडर्डाइज्ड म्हटलं की भर सारखेपणावर असतो. सकाळी पहिल्या आलेल्या मुलीला आणि संध्याकाळी सगळ्यात शेवटी आलेल्या मुलाला तोच पेशंट, तेच दुखणं आणि तेवढंच दुखणं मिळालं पाहिजे, कारण मार्क द्यायचे असतात.

हे नटाचं काम आहे असं बाहेरच्यांना वाटतं. नट असतातच यात, पण रिटायर्ड शिक्षक, गृहिणी, कॉलेजची मुलं असे कुणीही असतात, आणि खरं सांगायचं तर सीन खायची सवय असलेला नट इथे जरा जडच जातो. कारण यातलं निम्मं कौशल्य गप्प बसण्यात आहे. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं, आणि दहा मिनिटं समोरच्याने काय काय केलं हे डोक्यात साठवत राहायचं, तेही चेहऱ्यावर पोटदुखी ठेवून.

साधी केस घ्या, अपेंडिक्सची. एसपीला आधी काही पानांची स्क्रिप्ट मिळते, त्यात पेशंटचं नाव, वय, नोकरी, घरात कोण कोण, दुखायला कधी लागलं, आधी बेंबीपाशी दुखत होतं मग उजवीकडे खाली सरकलं, जेवण जात नाही, एकदा उलटी झाली, असं सगळं असतं. पण सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पहिलं. 'काय होतंय काका?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते शब्दाशब्दाने ठरलेलं असतं, समजा 'पोटात दुखतंय हो कालपासून', बस, इथे थांबायचं. बाकीची माहिती दोन ढिगांत असते. मोकळा प्रश्न आला ('जरा सविस्तर सांगा ना') तर पहिल्या ढिगातलं थोडं सोडायचं, आणि दुसऱ्या ढिगातलं नेमकं विचारलं तरच. दुखणं जागा बदलून आलं का हे ज्याने विचारलं नाही त्याला ते कळणार नाही, मग तो पोरगा कितीही घामाघूम झालेला असो. दया येऊन 'आणि हो, आधी ना बेंबीपाशी दुखत होतं' असं एसपीने सोडून दिलं की त्या पोराचं भलं झालं आणि बाकी सगळ्या बॅचवर अन्याय झाला. नवशिक्या एसपीची ही नेहमीची चूक, दुसरी म्हणजे उगाच विव्हळणं.

मग तपासणी. उजव्या बाजूला खाली हात दाबला की पोट घट्ट करायचं आणि हात पटकन सोडला की जास्त दुखल्यासारखं करायचं, कारण पोटाच्या आतल्या पडद्याला सूज असली की दाबताना दुखतं त्यापेक्षा सोडताना जास्त दुखतं. डावीकडे दाबलं तर एवढं नाही. डॉक्टरी शब्द एसपीला माहीत असले तरी तोंडातून काढायचे नसतात. आणि गंमत म्हणजे ज्याचं अपेंडिक्स आधीच काढलंय त्याला ही केस देता येत नाही, टाक्यांची खूण दिसते ना, पोरं कपडा वर करताच ओळखतील. म्हणून भूमिका देताना वय, बांधा याच्याइतकेच अंगावरचे जुने व्रण बघतात.

मान आखडणं, लंगडणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, धाप लागणं, हे सरावाने जमतं. पायाच्या तळव्यावर ओरखडल्यावर अंगठा वर जातो ते मेंदूच्या किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूच्या बिघाडाचं लक्षणसुद्धा शिकवता येतं. खरचटणं, निळंकाळं पडणं, भाजणं मेकअपने होतं. बाकी सगळी सोंगं आणता येतात पण तापाचं आणता येत नाही तसंच हृदयातल्या मर्मरचंही (ठोक्यांच्या मध्ये ऐकू येणारा जादा आवाज) नाही, तिथे विद्यार्थ्याने नीट तपासलं की परीक्षक काय सापडलं ते लिहिलेली चिठ्ठी पुढे करतो. सुई टोचण्यासारखं काही असेल तर एसपीच्या दंडावर रबरी पॅड बांधतात, सुई पॅडमध्ये जाते आणि 'आई गं' माणूस म्हणतो, मुलाला दोन्ही सांभाळावं लागतं. याला हायब्रिड सिम्युलेशन म्हणतात आणि माझ्या मते नुसत्या पुतळ्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण पुतळा हात मागे ओढून घेत नाही.

सुरुवात कुठून झाली तर १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात. हॉवर्ड बॅरोज नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ तिथे शिकवायचे. त्याच्या आधी कधीतरी एका परीक्षेसाठी बसवलेल्या खऱ्या पेशंटने त्यांना सांगितलं होतं की एक डॉक्टर माझ्याशी फार उर्मटपणे वागला, म्हणून मी त्याला लक्षणंच बदलून दाखवली! दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं, बॅरोजच्या डोक्यात बसलं की पेशंट लक्षणं हवी तशी दाखवू शकतो तर निरोगी माणसालाही ती शिकवता येतील. पहिली भूमिका पॅटी डगर नावाच्या काल्पनिक बाईची, मल्टिपल स्क्लेरोसिसने (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) दोन्ही पाय लुळे पडलेली, आणि ती वठवली रोझ मॅकविल्यम्स यांनी, ज्या चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसायच्या. १९६४ मध्ये बॅरोज आणि स्टीफन अब्राहमसन यांनी यावर पेपर लिहिला, त्यात शब्द होता 'प्रोग्राम्ड पेशंट'. वर्तमानपत्रांनी हॉलिवूड मेडिकल कॉलेजात घुसलं म्हणून टिंगल केली आणि डॉक्टर मंडळींनीही बरीच वर्षं नाकं मुरडली. पुढे ॲरिझोनात पॉला स्टिलमन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी आजारी मुलांच्या आयांच्या भूमिका करवून घेतल्या, मूल खोलीत नसतंच, आईशीच बोलायचं. आयोवात १९६८ पासून स्त्रीरोगाच्या तपासणीसाठी वेगळी पद्धत आली, त्यातल्या बायका तपासू देता देता विद्यार्थ्याला शिकवायला लागल्या, हात कुठे ठेव, आता काय बोल, कुठे थांब. हे एसपीच्या नेहमीच्या कामापेक्षा वेगळं काम आहे, त्याचं ट्रेनिंग आणि संमतीचे नियम वेगळे असतात.

परीक्षेत एसपी सगळीकडे पोचला तो ऑस्की नावाच्या प्रॅक्टिकल परीक्षेमुळे. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीतल्या रोनाल्ड हार्डन यांनी ही पद्धत मांडली, ओळीने स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी एक काम, घंटा झाली की पुढे. ब्रिटनमध्ये बाहेरच्या डॉक्टरांना द्यावी लागणारी प्लॅबची दुसरी परीक्षा मँचेस्टरला होते, तिची स्टेशनं ८ मिनिटांची. अमेरिकेत २००४ पासून डॉक्टरकीच्या लायसन्ससाठी स्टेप टू सीएस नावाची परीक्षा होती, १२ पेशंट, प्रत्येकी १५ मिनिटं, पण ती सगळ्या देशात फक्त ५ शहरांत व्हायची आणि फी १२०० डॉलरच्या वर, त्यामुळे विद्यार्थ्यांचा राग होताच. २०२० मध्ये कोविडमुळे थांबवली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद केली. कॉलेजांमधले एसपी मात्र आहेत तिथेच आहेत.

परीक्षेपेक्षा शिकवण्यातला एसपी जास्त कामाचा, असं मला वाटतं. तिथे शिक्षक मध्येच टाइम आउट म्हणू शकतात, एसपी तसाच गोठून बसतो, पोरं आपसात बोलतात आणि सीन परत मागून सुरू होतो. शेवटी एसपी भूमिकेतून बाहेर येऊन फीडबॅक देतो. त्याने 'तू सहानुभूती दाखवली नाहीस' म्हणायचं नसतं, ते मास्तरांचं काम. पेशंट म्हणून आपल्याला काय वाटलं तेवढंच. उदाहरणार्थ पेशंटने सांगितलं की आई गेल्या महिन्यात वारली, आणि कागदावर लिहिता लिहिता विद्यार्थी म्हणाला 'ओके, गुड, आणि डायबिटीस आहे का?' हे काही वाईट मुलांकडूनच होतं असं नाही, पुढचा प्रश्न आठवण्याच्या नादात कुणाचंही होतं. एसपी नंतर सांगतो, 'आई गेल्याचं बोललो तेव्हा तुम्ही गुड म्हणालात, त्यानंतर मला पुढचं काही सांगावंसं वाटेना.' स्वतः म्हणालोय हेच त्या मुलाला आठवत नसतं. याची उलटी बाजू पण आहे, मार्क मिळतात म्हणून 'मला समजतंय तुम्हाला किती त्रास होत असेल' हे वाक्य पोरं पाठ करून येतात आणि पेशंटने पायाचं नख दुखतंय म्हटलं तरी फेकतात.

काम वाटतं तितकं हलकं नाही. कॅन्सर झाल्याची बातमी एका दिवसात दहादा ऐकायची आणि दहाही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी, किंवा आत्महत्येचे विचार येणारा पेशंट सलग तीन दिवस करायचा, डोकं जड होतंच. दहा वेळा पोट दाबून घेतलं की खरंच दुखायला लागतं ते वेगळं. म्हणून मध्ये ब्रेक, दोघांत आलटून पालटून भूमिका, आणि शेवटी भूमिका उतरवण्याचा वेळ ठेवतात, ज्याला डी-रोलिंग म्हणतात, नावाचा बिल्ला काढायचा, आपलं खरं नाव घ्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं. एसपी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आस्पेने, २०१७ मध्ये कामाचे निकष छापले त्यात पहिला मुद्दाच सुरक्षित कामाचा होता. आपल्याच घरात नुकतं घडलेलं दुखणं करायला नाही म्हणता आलं पाहिजे.

सोंग खरं निघाल्याचंही उदाहरण आहे. २०१३ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात एक एसपी पोटातली महाधमनी फुगल्याची केस करत होता, आणि तपासणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाताला ती खरोखरच फुगलेली लागली. पुढे त्याचं ऑपरेशन झालं.

आणि एसपींचा एक प्रकार असाही आहे जो विद्यार्थ्यांकडे जातच नाही, तो न सांगता डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसतो, डॉक्टर प्रत्यक्षात काय करतात हे बघायला. दिल्लीत टीबीच्या उपचारांची तपासणी अशी झाली, २०१५ मध्ये छापून आली. डॉक्टरांची संमती आधीच घेतलेली होती, फक्त कधी आणि कोण येणार हे सांगितलं नव्हतं. २५० भेटींपैकी ५२ मध्येच उपचाराची दिशा बरोबर निघाली. या कामात घंटा नसते, टाइम आउट नसतो, त्यामुळे इंजेक्शन कसं टाळायचं, समोर दिलेली गोळी न गिळता कशी खिशात टाकायची याचंही ट्रेनिंग घ्यावं लागतं, आणि बाहेर पडल्या पडल्या, विसरायच्या आत, डॉक्टरांनी काय विचारलं आणि काय नाही ते सगळं लिहून काढायचं असतं.