दोन मिलिसेकंदांत सगळं विसरणारा कॉम्प्युटर

जुन्या टीव्हीत, रेडिओत 'लाल पारा' असतो आणि त्याचे लाखो रुपये मिळतात, ही अफवा काही केल्या मरत नाही. २००९ साली सौदी अरेबियात ती सिंगरच्या जुन्या शिलाई मशीनबद्दल उठली आणि अडगळीतल्या मशीनसाठी लोक वाटेल ती किंमत मोजू लागले. असा कुठलाही चमत्कारी पदार्थ मुळात अस्तित्वात नाही. पण गंडवणाऱ्याला पदार्थ लागतोच कुठे, गिऱ्हाईक पुरतं. जुन्या कॉम्प्युटरच्या बोर्डात सोनं असतं, ही गोष्टही याच जातीची. फरक एवढाच की हिच्यात सत्याचा कण आहे, आणि तो अक्षरशः कणच आहे.

नागपुरात इतवारीतल्या एका कबाड्याकडे मला तुटक्या पंख्यांच्या ढिगात एक काळा, चपटा कीबोर्ड दिसला. किंमत विचारली तर म्हणाला, "याच्यात सोनं रायते म्हन्तात साहेब. पाचशेच्या खाली नाही जमत." चिपमधल्या सिलिकॉनच्या तुकड्यापासून बाहेरच्या पायापर्यंत जाणारी तार जुन्या चिपांमध्ये सोन्याची असे, हे खरं आहे. पण ती जाडीला सुमारे २५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा बारीक, आणि लांबीला दोन-तीन मिलिमीटर. सोळा पायांच्या चिपमधल्या सगळ्या तारा एकत्र केल्या तरी अर्धा मिलिग्रॅम सोनं भरत नाही. तेवढ्यासाठी लोक उघड्यावर ॲसिडच्या बादल्या मांडतात, त्याच्या वाफा छातीत घेतात आणि उरलेलं पाणी नाल्यात ओततात. मी पाचशे दिले. त्या डब्याच्या पोटात अख्खा कॉम्प्युटर होता आणि तो मला हवा होता.

तो होता डीबी स्पेक्ट्रम प्लस. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला, १९८४ मध्ये त्याला बऱ्या कीबोर्डची प्लस आवृत्ती आली, आणि तीच १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात परवाना घेऊन विकली. झेड८० प्रोसेसर, वेग ३.५ मेगाहर्ट्झ, रॅम ४८ किलोबाइट. पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि साठवणूक म्हणजे टेपरेकॉर्डरची कॅसेट. आज फोनमधला एखादा फोटोही ४८ किलोबाइटमध्ये मावत नाही.

अशी मशीनं शोधायची तर कबाड्यांइतकाच शाळांच्या कोठारांचा आणि निवृत्त इंजिनिअरांच्या माळ्यांचा भरवसा. १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर मिळाले होते. त्यांतला एखादा अजून कुठेतरी कपाटाखाली असेल. तो सापडला तर लगेच प्लग लावू नका. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सवर बसवलेले कागदी कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे भाग, असतात. त्यांच्या वेष्टनाला बारीक तडे जातात, दर पावसाळ्यात कागद ओल पितो, आणि २३० व्होल्ट मिळाले की फट्ट आवाज होऊन खोलीभर घाण धूर.

लोकांना वाटतं, चाळीस वर्षं झाली म्हणजे आतलं सगळं गेलं. तसं होत नसतं. सिलिकॉन नुसतं पडून राहून म्हातारं होत नाही. जातं ते ओलं, लवचिक आणि हलणारं. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला द्रव रबरी बुचातून हळूहळू उडून जातो. कीबोर्डखालच्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची पट्टी वाळून कडक होते आणि वाकवली की मोडते. सॉकेटचे काटे काळे पडतात. आपल्याकडे उन्हाळाभर कूलरची दमट हवा बंद खोलीत फिरते, तिचाही यात हात असतो.

स्पेक्ट्रमला पहिल्यांदा वीज देण्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवायची. त्याचा ९ व्होल्टचा प्लग उलटा आहे: आतला भाग ऋण, बाहेरची नळी धन. दुकानात मिळणारे बहुतेक ॲडॉप्टर नेमके याच्या विरुद्ध असतात. कितीतरी मशीनं 'जुनं झालं म्हणून' नव्हे, तर कुणीतरी हाताला लागला तो ॲडॉप्टर खुपसला म्हणून मेली आहेत. आधी मल्टिमीटर, मग प्लग.

आता मला जिचं वेड आहे त्या भागाकडे येतो. ती म्हणजे रॅम, मशीनची कामापुरती आठवण.

या मशीनच्या पहिल्या १६ किलोबाइटसाठी ४११६ जातीच्या आठ चिप एका ओळीत बसवलेल्या असतात. बाइटमधले बिट आठ, म्हणून चिपही आठ. प्रत्येक चिप एकेक बिट सांभाळते. एका चिपमध्ये १६,३८४ बिट, १२८ ओळी आणि १२८ स्तंभांत मांडलेले. प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर आणि त्याच्या दारात उभा एक ट्रान्झिस्टर. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली याचं पेटंट मिळालं आणि आजच्या लॅपटॉपमधली रॅमही तत्त्वाने तीच आहे. कपॅसिटर भरलेला असेल तर एक, रिकामा असेल तर शून्य. 'भरलेला' म्हणजे तरी किती? दहा-वीस लाख इलेक्ट्रॉन. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण साधा एलईडी पेटता ठेवायला सेकंदाला याच्या कित्येक अब्जपट इलेक्ट्रॉन वाहावे लागतात. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवलं की चिपच्या वेष्टनात युरेनियम-थोरियमचा अंश असला, तर त्यातून निघालेला एकच अल्फा कण एवढ्याशा साठ्याची वाट लावू शकतो.

हा साठा टिकत नाही. कपॅसिटर मातीच्या माठासारखा झिरपतो: भरून ठेवला तरी काही वेळाने पातळी इतकी खाली येते की भरलेला होता की रिकामा, ते ओळखता येत नाही. म्हणून ४११६ बनवणाऱ्यांची अट अशी की दर २ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा वाचली गेलीच पाहिजे. वाचल्याने काय होतं? वाचताना कपॅसिटरमधला भार बाहेर काढावाच लागतो, म्हणजे वाचलेलं पुसलं जातं. त्यामुळे चिपमध्ये प्रत्येक स्तंभाला एक संवेदक प्रवर्धक असतो. तो क्षीण भार ओळखतो, पूर्ण एक किंवा पूर्ण शून्य ठरवतो आणि परत जागेवर लिहितो. एक ओळ उघडली की तिच्यातले १२८ च्या १२८ बिट एका दमात ताजे होतात. थोडक्यात, सगळी आठवण ताजी ठेवायला १६,३८४ खेपा लागत नाहीत, १२८ पुरतात.

या खेपा घालायच्या कुणी? स्पेक्ट्रमच्या पहिल्या १६ किलोबाइटमधल्या बहुतेक ओळी पडद्याचं चित्र काढताना सतत वाचल्या जातात, त्यातच त्या ताज्या होतात. पण अशा रॅमसाठी खास सोयही आहे. फेडेरिको फाजिन आणि मासातोशी शिमा यांनी १९७६ मध्ये आणलेल्या झेड८० मध्ये याची सोय आतच आहे. प्रोसेसर पुढची आज्ञा मेमरीतून उचलतो, तेव्हा त्या कामाला घड्याळाचे निदान चार ठोके लागतात. पहिल्या दोन ठोक्यांत आज्ञा आत येते. पुढच्या दोन ठोक्यांत प्रोसेसर तिचा अर्थ लावत असतो आणि मेमरीतली कुठली जागा हवी ते सांगणाऱ्या बाहेरच्या पत्त्याच्या तारा रिकाम्या असतात. त्या रिकाम्या वेळात झेड८० त्याच्या आर नावाच्या रजिस्टरमधला, म्हणजे आतल्या छोट्या कप्प्यातला, आकडा तारांवर ठेवतो आणि तो एकने वाढवतो. आर सात बिटांनी मोजतो: ० ते १२७. चिपमध्ये ओळी किती? १२८. सर्वांत लांबलचक आज्ञेला २३ ठोके लागतात, म्हणजे ३.५ मेगाहर्ट्झला सुमारे ६.६ मायक्रोसेकंद. सगळ्याच आज्ञा तशा असल्या तरी १२८ ओळींची फेरी ०.८४ मिलिसेकंदात पुरी होते आणि २ मिलिसेकंदांची मुदत आरामात पाळली जाते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला याची गंधवार्ताही नसते. इतकं काटकसरी डिझाइन मला तरी दुसरं ठाऊक नाही.

नागपूरकराने इथे कान टवकारावेत. झिरपण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. ढोबळ मानाने दर १० अंशांना तो दुप्पट होतो. २ मिलिसेकंदांची मुदत ही ७० अंशांवरच्या सर्वांत कमजोर बिटासाठी दिलेली हमी आहे. थंड खोलीत बहुतेक बिट त्याहून कितीतरी जास्त तग धरतात. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी तर वीज गेल्यावरही रॅममधली माहिती काही सेकंद शाबूत राहते आणि चिप गोठवली तर मिनिटांवर टिकते, हे दाखवून दिलं. उलट नवतप्यात बाहेर ४५ अंश असतात, खोली ४० ला आलेली असते. वर स्पेक्ट्रमच्या पोटात ७८०५ नावाचा रेग्युलेटर बसलेला. तो ९ व्होल्टचे ५ करतो आणि उरलेल्या व्होल्टांची नुसती उष्णता करून हवेत सोडतो, तीन-चार वॅट, बंद डब्यात. ब्रिटनच्या गार हवेत या मशीनच्या हाताशी जी सवड होती, ती आपल्याकडे मे महिन्यात जवळजवळ संपते. शौकीन मंडळी आजकाल ७८०५ काढून त्याच जागी छोटा स्विचिंग कन्व्हर्टर लावतात. तो जेमतेम कोमट होतो. मूळ सुटा भाग बदलला म्हणून नाक मुरडणारे शुद्धतावादी इथेही आहेत. त्यांनी त्यांचं मशीन खुशाल डिसेंबरात चालवावं.

माझं मशीन उघडलं तेव्हा पहिली तपासणी व्होल्टेजची. ४११६ ला तीन दाब लागतात: +५, +१२ आणि −५. शेवटचे दोन एका ट्रान्झिस्टर आणि कॉइलच्या छोट्या सर्किटमधून तयार होतात आणि स्पेक्ट्रममधली सर्वांत बदनाम जागा हीच. −५ गेलं आणि १२ व्होल्टच्या वाटेवर दाब उरला, तर रॅमच्या चिप भाजून निघतात. माझ्याकडे −५ च्या जागी शून्य होतं. ट्रान्झिस्टर बदलला, तिन्ही दाब आले, टीव्ही लावला.

आता जे दिसतं ते समजून घ्यायला हवं. चालू होताच रॉममधला, म्हणजे कधी न पुसणाऱ्या मेमरीतला, प्रोग्राम रॅमच्या प्रत्येक बाइटमध्ये २ हा आकडा लिहितो आणि मग तपासत जातो. स्पेक्ट्रमचा पडदाही याच रॅममध्ये राहतो, चित्राचे ठिपके एका जागी आणि रंग दुसऱ्या जागी, त्यामुळे ही तपासणी डोळ्यांना दिसते. २ म्हणजे बिटांत ००००००१०. चित्राच्या जागी याचा अर्थ आठ ठिपक्यांपैकी सातवा पेटलेला. रंगाच्या जागी याचा अर्थ काळ्यावर लाल. म्हणून धडधाकट मशीनवर पापणी लवेपर्यंत काळ्या पडद्यावर बत्तीस बारीक, उभ्या लाल रेघा चमकून जातात आणि सिंक्लेअरची ओळ येते.

माझ्या पडद्यावर काळं कुठेच नव्हतं. हिरव्या पार्श्वभूमीवर लाल रेघा, त्याही जोडीने, आणि चित्र पुढे सरकेना. मी कागद घेतला. दुसरी रेघ प्रत्येक गटात तिसऱ्या ठिपक्यावर येत होती, म्हणजे बाइट होता ००१०००१०. उजवीकडून शून्यापासून मोजलं तर पाच क्रमांकाचा बिट एकवर अडकलेला. आता हाच बाइट रंगाच्या जागी वाचा: शाईचे (रेघेच्या रंगाचे) तीन बिट ०१०, म्हणजे लाल, कागदाचे (पार्श्वभूमीचे) तीन बिट १००, म्हणजे चार, आणि स्पेक्ट्रमच्या रंगांत चार म्हणजे हिरवा. दोन स्वतंत्र साक्षी, आरोपी एकच. आठ चिपांपैकी नेमकी कुठली काढायची, ते मशीनने स्वतः पडद्यावर लिहून दिलं होतं. ज्या दुकानदाराने बोर्डाकडे बघून "मदरबोर्ड गेला, फेका" असा निकाल दिला होता, त्याला हे समजावण्याचा मी प्रयत्न केला. त्याने चहा मागवला.

चिप काढताना घाई केली तर बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा उखडतात. आधी नाजूक कटरने सोळाही पाय कापायचे, मग एकेक पाय सोल्डरिंग गनने तापवून चिमट्याने ओढायचा, भोकं पंपाने साफ करायची आणि तिथे आयसी बेस, म्हणजे चिप खोवायचं सॉकेट, बसवायचा. ४११६ आता सीताबर्डीतल्या दुकानांत विचारली तर लोक तोंडाकडे बघतात. जुन्या बोर्डावरून काढलेली चिप मागवावी लागते. दुसरी वाट म्हणजे आठही काढून ४१६४ लावायच्या. त्या एकट्या ५ व्होल्टवर चालतात, पण त्यासाठी बोर्डावरची १२ आणि −५ ची जोडणी तोडून बदलावी लागते. मी एकच बदलली.

कॅसेटचं सुख वेगळंच. स्पेक्ट्रमला शून्य म्हणजे २४४ मायक्रोसेकंदांचे दोन स्पंद आणि एक म्हणजे बरोबर त्याच्या दुप्पट लांबीचे दोन. तो कर्कश किर्र आवाज म्हणजे निव्वळ एवढंच. मशीनला आवाज कुठून येतो याच्याशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे टेपरेकॉर्डर नसला तरी मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून वायर लावून फाइल वाजवली की गेम आत जातो. व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवा, इक्वलायझर बंद करा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. चौथ्या मिनिटाला कुणाचा शुभ सकाळचा मेसेज टुंग करून वाजला, तर मशीन तोही बिट समजून वाचतं, टेप लोडिंग एरर दाखवतं आणि पहिल्यापासून सुरुवात.