मुक्तस्रोत सॉफ्टवेअर कंपाइल करण्यासाठी लिनक्सची निवड

तयार पॅकेज न घेता प्रोग्रॅमचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) उतरवून तो आपल्याच यंत्रावर बांधायचा, म्हणजे कंपाइल करायचा असेल, तर लिनक्सचे कोणते वितरण (डेबियन, फेडोरा यांसारखा तयार संच) व कोणती साधने घ्यावीत याचा विचार.

‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ (यंत्र तपासा, बांधा, बसवा) या रूढ क्रमाचा उगम एका ठिकाणी दाखवता येत नाही. मेक हे बांधणीच्या आज्ञा क्रमाने चालवणारे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत लिहिले. त्याचा काळ साधारणतः १९७६ मानतात. कॉन्फिगरबाबत मतभेद आहेत. काहीजण त्याचे मूळ लॅरी वॉल यांच्या ‘आरएन’ या युजनेटवरील संदेश वाचण्याच्या प्रोग्रॅमपर्यंत (१९८४ च्या सुमारास) नेतात. वॉल यांची स्क्रिप्ट मात्र वापरणाऱ्याला प्रश्न विचारीत बसे. दुसऱ्या मतानुसार डेव्हिड मॅकेन्झी यांनी जून १९९१ मध्ये, मेकफाइलमध्ये (मेकला द्यायच्या सूचनांच्या फाइलीत) हाताने निवडाव्या लागणाऱ्या विसेक पर्यायांना कंटाळून, यंत्राची तपासणी स्वतःच करणारी स्क्रिप्ट लिहिली. तिच्यातून पुढे अशा स्क्रिप्ट तयार करून देणारे ऑटोकॉन्फ आले. आजची रीत हीच असल्याने हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच उन्हाळ्यात रिचर्ड स्टॉलमन व रिचर्ड पिक्सली जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कंपायलरच्या साधनांसाठी तशाच स्क्रिप्ट लिहीत होते, आणि मॅकेन्झींनी आपली स्क्रिप्ट त्यांच्या पद्धतीशी जुळवून घेतली. तेव्हा श्रेय एकट्याचे नव्हे.

वितरणांमधला खरा फरक हेडर फाइलींच्या (लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅमांच्या सामायिक कोडात, काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या फाइलींच्या) मांडणीत आहे. डेबियन व उबुंटूमध्ये लायब्ररी एका पॅकेजात, तर तिचे हेडर ‘डेव्ह’ शेपटीच्या दुसऱ्या पॅकेजात असतात. फेडोरात ही शेपटी ‘डेव्हल’ होते. आर्चमध्ये बहुधा दोन्ही एकत्र येतात. जेंटूमध्ये तर कंपाइल करणे हीच पॅकेज बसवण्याची मूळ रीत. मराठी छापील मजकूर चित्रातून ओळखण्यासाठी टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम बांधायला घेतला, की हा फरक लगेच जाणवतो: त्याला लागणारी लेप्टोनिका ही चित्रे हाताळणारी लायब्ररी यंत्रावर असूनही हेडर नसतील, तर कॉन्फिगर तिथेच थांबते. बांधून बसवल्यावर ‘एलडीकॉन्फिग’ (नव्या लायब्ररींची नोंद करणारी आज्ञा) चालवायचे राहिले, तर प्रोग्रॅमला स्वतःचीच लायब्ररी सापडत नाही. मराठीची प्रशिक्षण फाइल वेगळी उतरवावी लागते, ती कंपाइल करून मिळत नाही.

नवशिक्याला डेबियन कुळातील स्थिर आवृत्ती सोयीची. ‘बिल्ड-इसेन्शियल’ या एका पॅकेजाने जीसीसी (जीएनयूचा कंपायलर) व मेक दोन्ही येतात. शिवाय ‘बिल्ड-डेप’ ही आज्ञा वितरणात आधीच असलेल्या प्रोग्रॅमची बांधणीसाठी लागणारी पॅकेजे आणून देते. मात्र त्यासाठी सोर्सचे भांडार चालू केलेले हवे. नव्या जीलिबसीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) बांधलेला प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर बहुधा चालत नाही. म्हणून दुसऱ्याला द्यायचा असेल तर जुन्यात जुन्या आवृत्तीच्या कंटेनरमध्ये (त्याच यंत्रावरील वेगळ्या, बंदिस्त लिनक्समध्ये) बांधावा.

वळवाच्या पावसात मध्येच वीज गेली, तरी मेक फाइलींच्या वेळा पाहून उरलेल्या कामापासूनच पुढे जाते. अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलीचे कंपाइल केलेले रूप) मात्र त्याला पूर्ण वाटू शकते. अशा वेळी ‘मेक क्लीन’ देऊन नव्याने बांधावे.