शिवरात्र माघात की फाल्गुनात?

भाचीच्या वहीत लाल फुली होती. चौथीतल्या मुलीच्या मानाने तिने ती फारच मनाला लावून घेतली. प्रश्न होता, 'महाशिवरात्रि किस महीने में आती है?' तिने लिहिलं होतं 'माघ'. बाईंनी ते खोडून वर 'फाल्गुन' लिहिलं होतं.

"आजी खोटं शिकवते का गं, आत्या?"

आजीने चष्मा वर सरकवला आणि भिंतीकडे बोट केलं. आमच्या इंदूरच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी दोन कॅलेंडरं लटकतात. एक कालनिर्णय, दुसरं जबलपूरचं लाला रामस्वरूप. एकात आजीचे उपास, दुसऱ्यात दूधवाल्याचा हिशोब. मी दोन्हींत २६ फेब्रुवारी २०२५ काढला. कालनिर्णयात माघ, लाला रामस्वरूपमध्ये फाल्गुन. पक्ष दोन्हीकडे अंधारा, तिथी दोन्हीकडे चतुर्दशी, शिवरात्र दोन्हीकडे त्याच रात्री. महिन्याचं नाव तेवढं वेगळं. म्हणजे आजी खोटं शिकवत नव्हती, आणि बाईही नाही. फुली मात्र चुकलेली होती.

मग आम्ही जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्याची लांब पट्टी कापली आणि तिच्यावर ओळीने साठ गोल काढले. पहिला जवळजवळ पूर्ण काळा. पुढच्या प्रत्येकात थोडा थोडा पांढरा वाढत जाणारा, पंधराव्या पायरीला अख्खा पांढरा, तिथून पुन्हा काळं वाढत शेवटी काळा. मग तेच सगळं आणखी एकदा. आकाशातही हेच चालू असतं, न थांबता, आणि आकाशात कुठे रेघ मारलेली नसते. रेघ आपण मारतो. (खरी तिथी अशी एकसारखी नसते, कधी १९ तासांत संपते, कधी २६ तास चालते. म्हणून मधूनच एखादी तिथी गायब होते. पट्टीवर ते दाखवता येत नाही, तेवढं सोडून द्या.)

आता कात्री. मराठी माणूस काळ्या गोलानंतर कापतो, म्हणजे अमावास्या झाली की महिना संपला. याला अमान्त म्हणतात. शेजारचे हिंदी घरवाले पांढऱ्या गोलानंतर कापतात, पौर्णिमा झाली की महिना संपला. तो पौर्णिमान्त. पट्टी तीच, तुकडेही तीस-तीस गोलांचेच, कापायची जागा फक्त पंधरा गोल पुढेमागे. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र इकडे अमान्त; मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार इकडे पौर्णिमान्त. आम्ही इंदूरचे मराठी दोन्ही कात्र्या घरात ठेवून आहोत.

नावं पौर्णिमेवरून पडतात. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो तो चैत्र, विशाखाजवळ तो वैशाख, कृत्तिकांजवळ कार्तिक, मघाजवळ माघ. पौर्णिमा दोघांची एकच असल्याने तिच्याआधीचा उजेडी पंधरवडा, आपला शुद्ध पक्ष, त्यांची 'सुदी', दोघांकडे एकाच नावाचा. गणेश चतुर्थी, दसरा, रामनवमी, अक्षय तृतीया यांच्यावरून कधी वाद होत नाही, कारण हे सगळे शुद्ध पक्षातले. वाद फक्त अंधाऱ्या पंधरवड्याचा. पौर्णिमेच्या मागचा तिचा, की पुढचा? ते मागचा धरतात, आपण पुढचा. त्यामुळे वद्य पक्षात त्यांचा महिना नावाने एक घर पुढे असतो. आपल्या श्रावण वद्य अष्टमीला कृष्ण जन्मतो, त्यांच्या भादोच्या, म्हणजे भाद्रपदाच्या. आपलं लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, त्यांचं कार्तिक अमावास्येला. पणत्या एकाच संध्याकाळी लागतात.

इंदुरी पोराला हे समजवायचं तर रंगपंचमीसारखं दुसरं उदाहरण नाही. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, येते, टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, मशीनमधून गुलाल तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत जातो, आणि ओल्या कपड्यांनी घरी आलेलं पोर दोन दिवस गुलाबी शिंकतं. २०२५ मध्ये ही गेर १९ मार्चला निघाली. आमच्या आजीच्या हिशोबाने तो फाल्गुन वद्य पंचमीचा दिवस, शेजारच्या चाचीच्या हिशोबाने चैत्र कृष्ण पंचमीचा. एकाच पिचकारीतून निघालेलं पाणी एकाच्या फाल्गुनात उडालं आणि दुसऱ्याच्या चैत्रात पडलं.

इथे भाचीने मला बरोबर पकडलं. "म्हणजे त्यांचा चैत्र आधीच सुरू झाला. मग त्यांचं नवीन वर्षपण आधी?"

नाही! चैत्र त्यांचा आधी लागतो, पण वर्ष लागत नाही. आमची गुढी ३० मार्च २०२५ ला उभी राहिली, आणि शेजाऱ्यांचं नवं विक्रम संवतही त्याच दिवशी, चैत्र शुक्ल प्रतिपदेला लागलं. म्हणजे त्यांच्या चैत्राचा पहिला पंधरवडा जुन्या वर्षात गेला आणि वर्ष महिन्याच्या मधोमध बदललं. महिना कापायची कात्री वेगळी, पण वर्ष कापताना दोघंही अमावास्येशीच येऊन थांबतात. याची एक खूण उत्तरेकडच्या पंचांगांतच राहून गेली आहे. त्यांच्याकडे अमावास्या महिन्याच्या मध्यावर येते, तरी तिच्यापुढे आकडा छापतात ३०. आणि महिना जिच्यावर संपतो त्या पौर्णिमेपुढे १५. मला ही खूण फार आवडते. जुन्या वाड्याला नवा दरवाजा बसवला तरी उंबरा जुनाच राहावा, तसं.

वर्षाचा आकडा हे प्रकरण वेगळं, त्याची गल्लत इथे करू नये. त्या गुढीपाडव्याला आपलं शके १९४७ लागलं आणि त्यांचं विक्रम संवत २०८२. फरक १३५ चा, आणि त्याचा कात्रीशी काही संबंध नाही. वडोदऱ्याच्या मावशीकडे आणखी तिसरी तऱ्हा. गुजरातीत महिने आपल्यासारखेच अमान्त, संवत विक्रमाचं, पण वर्ष बदलतं दिवाळीच्या पाडव्याला. त्यांचं २०८२ लागलं २२ ऑक्टोबर २०२५ ला. सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिकेतही चैत्र आहे, मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेला आणि २२ मार्च १९५७ पासून चालू झालेला. पण तो सूर्याचा. दरवर्षी २२ मार्चला, लीप वर्षी २१ ला, ठरल्या वेळी येतो. चंद्राकडे बघतही नाही.

आता श्रावण, कारण आमच्या घरात खरा गोंधळ श्रावणातच होतो. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवसापासून शेजारी सावन सुरू. सोमवारी चाचीच्या घरून साबुदाण्याची खिचडी येते, आणि आजी म्हणते, "आमचा अजून आषाढ आहे बाई." पंधरा दिवसांनी आजीचा श्रावण लागतो, शिवामूठ निघते, तोवर चाचीचे निम्मे सोमवार झालेले असतात. उज्जैनच्या महाकालाने यावर सुरेख तोडगा काढला आहे. २०२५ मध्ये उत्तरेचा सावन ९ ऑगस्टला राखीबरोबर संपला, तरी महाकालाच्या सोमवारच्या सवाऱ्या, म्हणजे पालखीच्या मिरवणुका, १४ जुलैपासून थेट १८ ऑगस्टपर्यंत निघाल्या. शेवटच्या दोन भादोमधल्या, म्हणजे आपल्या श्रावणातल्या. उज्जैनला शिंद्यांचं राज्य होतं, तेव्हापासूनचं हे मराठी वळण मानतात.

अधिक मास आला की गंमत वाढते. बारा चांद्र महिन्यांचे दिवस होतात साधारण ३५४, सूर्याचं वर्ष ३६५ चं. दरसाल अकरा दिवस मागे पडतात, ते साठले की साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घालावा लागतो. हा जादा तुकडा मात्र उत्तरेतही अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच कापतात. २०२३ ला अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. आपला खरा श्रावण त्यानंतर १७ ऑगस्टला लागला. उत्तरेत मात्र अर्धा सावन आधी होऊन गेलेला, अर्धा नंतर यायचा, आणि मध्ये हा पाहुणा महिना, सँडविचमधल्या बटाट्यासारखा. त्यांचा सावन ४ जुलै ते ३१ ऑगस्ट चालला. आठ सोमवार! चाची त्या वर्षी साबुदाण्याचं नाव काढू देत नव्हती.

कधीकधी कात्रीने नाव नाही, दिवसच बदलतो. वडाची पूजा घ्या. आपल्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला, वटपौर्णिमा. हिंदी घरांत ज्येष्ठ अमावास्येला, आणि त्यांची ज्येष्ठ अमावास्या आपल्या वटपौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी येते, ती आपली वैशाखी अमावास्या. आमच्या गल्लीच्या टोकाच्या वडाला त्यामुळे दोनदा सूत गुंडाळलं जातं, पहिलं सुटायच्या आत दुसरं.

भाचीच्या डोक्यात हे उतरलं की नाही बघायला मी तिला विचारलं, "अहिल्याबाई गेल्या तो दिवस कोणता?" १३ ऑगस्ट १७९५ हे तिला शाळेतून पाठ होतं. तिथी आजीने सांगितली, श्रावण वद्य चतुर्दशी. इंदुरात पुण्यतिथीला पालखी निघते तेव्हा हिंदी पेपरात काय छापून येत असेल ते ओळख, म्हटलं.

तिने पट्टीवर बोट ठेवलं, काळ्या गोलाच्या एक घर अलीकडे. मग तिथून पुढच्या पांढऱ्या गोलापर्यंत ओठांत मोजत गेली.

"भादो," ती म्हणाली. "कृष्ण चतुर्दशी."

वही काढून तिने लाल फुलीखाली पेन्सिलीने बारीक लिहिलं, 'माघ (हमारे घर में)'.