बाळाला उत्तर लागतं

मालवण-वेंगुर्ल्याकडे न्हाणीत आजी पाय पसरून बसते, बाळाला पायांवर पालथं घेते आणि पाणी ओतता ओतता त्याच्याशी बोलत राहते. ‘काय गो, पाणी गरम लागला? थांब, तुझ्या आवशीक सांगतंय.’ दोन महिन्यांची नात ‘ऊं’ करते. आजी त्या ‘ऊं’लाही बोलणं समजते, ‘होय तर!’ म्हणते आणि जरा थांबते. माझ्या मते त्या आंघोळीत तेलापेक्षाही हे थांबणं मोलाचं. आपण आवाज केला की समोरून काहीतरी येतं, हे बाळाला तिथे कळतं.

हे समोरून येणंच बंद झालं तर? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात आयांना बाळापुढे काही मिनिटं निर्विकार चेहऱ्याने बसायला सांगितलं. बाळं आधी हसली, हात पुढे केले, आवाज काढून पाहिले. काहीच चालेना, तेव्हा तोंड फिरवलं, किरकिरली.

हेच वर्षानुवर्षं चाललं तर काय होतं, असा विषय निघाला की आपल्याकडे लांडग्यांनी वाढवलेल्या अमला-कमला हटकून आठवतात. मिदनापूरची १९२० सालची ती गोष्ट मुख्यतः एका पाद्र्याच्या सांगण्यावर उभी आहे आणि अभ्यासक ती फारशी ग्राह्य धरत नाहीत. ‘जिनी’ या टोपणनावाने ओळखली जाणारी कॅलिफोर्नियातली मुलगी मात्र खरी. १९७० मध्ये सुटका झाली तेव्हा ती १३ वर्षांची होती. तान्हेपण सरल्यापासून एका खोलीत कोंडलेली. पुढे ती पुष्कळ शब्द शिकली, पण त्यांची नीट वाक्यं करणं तिला जमलं नाही. अर्थात तिचे इतरही अतोनात हाल झाले होते. एकीवरून नियम काढता येत नाही.

भक्कम पुरावा आला रोमानियातून. १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा तिथल्या सरकारी अनाथालयांत लाखभर मुलं होती. खाणं वेळेवर, लंगोट वेळेवर. पण एका बाईकडे डझनभर बाळं. रडून कोणी येत नाही म्हटल्यावर कित्येकांनी रडणंच सोडलेलं. स्वतःलाच झुलवत पडून राहायची. २००० नंतर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधली अशी १३६ मुलं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी त्यांना सांभाळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबांत पाठवली. साडेतीन वर्षांच्या वयात सरासरी बुद्ध्यांक असा निघाला: संस्थेच्या गटात ७७, कुटुंबांत गेलेल्यांत ८६, जन्मापासून आपल्याच घरी वाढलेल्यांत १०३. दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं माणसांना जीव लावण्यात आणि मेंदूच्या विद्युत आलेखातही अधिक सावरली. म्हणजे उशीर झाला तरी घर मिळण्याचा फायदा होतोच, पण वय मोजावं लागतं.

कारण मेंदू ज्या जोडण्या वापरात येतात त्या पक्क्या करतो आणि बिनवापराच्या छाटतो. ‘त’ आणि ‘ट’मधला आपल्याला सहज कळणारा फरक इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांनाही कळतो, वर्षाची होईतो त्यांची ती जाण मावळते. कॅनडात जॅनेट वर्कर यांनी हे हिंदी ध्वनी ऐकवून दाखवलं.

मग मोबाइल लावून दिला तर? पॅट्रिशिया कूल यांच्या २००३च्या प्रयोगात अमेरिकी बाळं चिनी ध्वनी समोरच्या माणसाकडून शिकली. तोच माणूस पडद्यावर दिसला, तेव्हा काहीच नाही. मात्र मुंबईला असलेल्या बाबांनी व्हिडिओ कॉलवर पोराच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं, तर गोष्ट वेगळी. दोन-अडीच वर्षांची मुलं अशा कॉलवरून नवे शब्द शिकतात, असं दिसलं आहे.

माणसांनी भरलेल्या घरातही एखादं मूल या देवाणघेवाणीबाहेर राहतं: जन्मतः बहिरं. त्याला यंत्राने ऐकू येणं किंवा खुणांची भाषा, दोन्हींपैकी काहीतरी लवकर मिळायला हवं. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात, तेव्हा ऐकण्या-बोलण्यातली शंका त्यांच्या कानावर घालावी. बहिरं बाळही सुरुवातीचे काही महिने ‘ऊं-आं’ करतं, म्हणून घरच्यांना वहीम येत नाही. पाळण्यामागे थाळी वाजवून खात्री करायला जावं, तर हादऱ्यानेही ते दचकतं. तपासणी यंत्रावरच करून घ्यावी लागते.