शनीची वाट लांब की चाल मंद?

‘साडेसाती’ या शब्दातच शनीचा वेग दडलेला आहे. आकाशाची एक फेरी पुरी करायला शनीला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणजे एका राशीत अडीच वर्षं आणि तीन राशींत साडेसात. म्हणूनच तो शनैश्चर, सावकाश चालणारा. भविष्याचा भाग सोडून दिला तरी हे निरीक्षण चोख आहे. पण शनी खरोखरच हळू चालतो, की वाट लांब असल्यामुळे त्याला वेळ लागतो?

आपल्या सिद्धांतग्रंथांचा कौल लांब वाटेला होता. आर्यभटांनी आणि पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनीही असं धरलं, की सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजनं चालतात. या गृहीतकाला मी भाबडं म्हणणार नाही. ग्रहांची अंतरं स्वतंत्रपणे मोजायचा मार्गच तेव्हा हाताशी नव्हता. फेरीच्या काळावरूनच कक्षा किती मोठी ते ठरवलं जाई, त्यामुळे चूक उघडी पडायला जागा नव्हती.

ती जागा कोपर्निकसमुळे झाली. १५४३ साली त्याने सूर्य मध्यभागी ठेवला आणि ग्रहांच्या अंतरांची गुणोत्तरं निव्वळ भूमितीने काढता येऊ लागली. आता गणित करून पाहा. शनी सूर्यापासून पृथ्वीच्या साडेनऊ पट दूर आहे. दोघांची चाल सारखी असती, तर शनीची फेरी साडेनऊ वर्षांत संपली असती. लागतात साडेएकोणतीस! म्हणजे वाट लांब आहेच, शिवाय चालही पृथ्वीच्या जेमतेम एक तृतीयांश आहे.

ही विसंगती जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरला पंचविशीतच खटकली होती. ग्रहांना सूर्यच चालवतो आणि दूर जावं तसा त्याचा जोर ओसरतो, असं त्याला वाटलं. पुढे आकाशनिरीक्षक टायको ब्राहेच्या नोंदींवरून मंगळाची कक्षा बसवताना हिशेबात ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक उरला. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाचा पाव भाग, एवढाच. टायकोची नोंद इतकी चुकणार नाही, या विश्वासावर त्याने वर्तुळाधारित जुनी मांडणी मोडीत काढली. १६०९ मध्ये लंबवर्तुळ आलं आणि त्याबरोबर हेही, की एकच ग्रह सूर्याजवळ असताना वेगाने धावतो आणि दूर गेला की मंदावतो.

वेगवेगळ्या ग्रहांना जोडणारा नियम त्याला ८ मार्च १६१८ रोजी सुचला. हिशेब चुकल्यामुळे त्याने तो टाकून दिला आणि १५ मे रोजी पुन्हा उचलला: फेरीच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. यामागचं कारण, गुरुत्वाकर्षण, न्यूटनने १६८७ मध्ये मांडलं. आजच्या मापाने बुध सेकंदाला सरासरी ४७ किलोमीटर पळतो, पृथ्वी ३०, शनी पावणेदहाच्या आसपास आणि नेपच्यून ५.४.

पृथ्वीची चालही वर्षभर सारखी नसते, आणि ते आपल्या पंचांगात रोखठोक दिसतं. जानेवारीच्या सुरुवातीला ती सेकंदाला ३०.३ किलोमीटर जाते, तर जुलैच्या सुरुवातीला २९.३. त्यामुळे उन्हाळा-पावसाळ्यात सूर्य एका राशीत साडेएकतीस दिवसांपर्यंत रेंगाळतो. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून जास्तीचा महिना त्या सुमारासच मावतो. २०१८ चा धोंडा ज्येष्ठात आला, २०२० चा आश्विनात, २०२३ चा श्रावणात. पौषात धोंड्याचं वाण घ्यायला आलेला जावई कुणी पाहिलेला नाही.